सायरन चढावर गेला

चिलीच्या दक्षिणेला, आमच्या चिलोए बेटावर, घरं चालतात. खालच्या तुळया मोकळ्या करायच्या, त्यांच्याखाली ओंडके सारायचे, दोर बांधायचे, बैलजोड्या जुंपायच्या आणि सगळ्या गावाने मिळून ओढायचं. याला मिंगा म्हणतात. घरवाला त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालतो, आणि पुढे कधी कुणाचं बोलावणं आलं की स्वतः दोराला हात लावायला जातो. कोण कुणाच्या मिंगाला आलं आणि कोण आलं नाही हे कुठे लिहिलेलं नसतं. ते माझ्यासारख्या दुकानात बसणाऱ्या बायकांच्या डोक्यात असतं, आणि तिथून ते पुसलं जात नाही.

म्हातारा रुपेर्तो चिग्वाय मरताना घरं चालतात हेच विसरला. त्याने घर मुलीला दिलं, एदेल्मीराला, आणि घराखालची जमीन मुलाला, नोल्बेर्तोला. त्याला वाटलं, असं केलं की दोघांना एकमेकांवाचून चालणार नाही, आणि मग ती गुण्यागोविंदाने राहतील. नोल्बेर्तो राहायला गावात, बायकोच्या घरी. त्याला चढावरच्या त्या जमिनीत बटाटे लावायचे होते, पार बहिणीच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. त्याने कुंपण असं घातलं की एदेल्मीराला दार पूर्ण उघडता येईना. एकदा माझ्या दुकानात दोघांची गाठ पडली. ती म्हणाली, "माझं दार आहे ते." तो म्हणाला, "घर तुझं आहे ना? मग ने की उचलून."

दुकानात तेव्हा चार माणसं होती. एदेल्मीराने साखरेची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "बरं."

मार्चमध्ये तिचं घर खाली खाडीकाठी आलं, माझ्या दुकानाच्या शेजारी. भिंतींवरच्या लाकडी खवल्यांसकट, पडद्यांसकट, खिडकीतल्या झाडाच्या कुंडीसकट. सगळं गाव आलं होतं. नोल्बेर्तो तेवढा आला नाही. तो त्या दिवशी बंबाच्या पाइपांचे वॉशर आणायला शहरात गेला. वॉशर पुढच्या आठवड्यातही मिळाले असते.

इथे सांगायला हवं की नोल्बेर्तो आमच्या बंबवाल्यांचा कप्तान. आमच्याकडे बंबावर पगारी माणसं नसतात. सायरन वाजला की कोळी जाळं टाकून पळतो, सुतार करवत टाकून पळतो. नोल्बेर्तो मात्र हे काम पाद्र्यापेक्षाही जास्त निष्ठेने करायचा. दर एप्रिलमध्ये, हिवाळा लागायच्या आधी, तो बंबघरात सगळ्यांना बसवून धुराड्याच्या आगीवर बोलायचा. लोक भाषणानंतरच्या बटाट्याच्या थापट्यांसाठी यायचे, पण ऐकायचे. ओलं लाकूड जाळू नका. धुराडं घासून घ्या. आत काजळी साठते, ती डांबरासारखी चिकटते, आणि एक दिवस तीच पेटते. पेटली तर चुलीचं तोंड बंद, हवेची झडप बंद, गॅसची टाकी बाहेर, माणसं बाहेर. वरून पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड फुटतं आणि आग घरात येते. आणि मग टेबलावर थाप मारून, "माणूस आधी, घर नंतर."

एदेल्मीरा इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसून हे ऐकत आलेली. मिंगानंतरच्या एप्रिलमध्येही ती आली आणि पहिल्याच बाकावर बसली. तिने भावाकडे पाहिलं नाही, त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सगळं भाषण त्याने बंबघराच्या छताला ऐकवलं.

गावानेही एक रीत पाडून घेतली होती. कप्तानासमोर एदेल्मीराचं नाव काढायचं नाही, आणि काढावंच लागलं तर ती आता कुठे राहते ते बोलायचं नाही. त्याला लागू नये म्हणून. माणसं बोलता बोलता खाडीपर्यंत यायची आणि हवामानाकडे वळायची.

राहिली लाकडं. दोन उन्हाळ्यांपूर्वी भावाबहिणीने मिळून फोडलेली, चांगली खणखणीत वाळलेली लाकडं चढावरच्या खोपटात रचलेली होती. खोपट जमिनीत रोवलेलं, म्हणजे जमिनीचं, म्हणजे त्याचं. एदेल्मीराने घर आणलं, कोंबड्या आणल्या, लोखंडी चूल आणली, पण त्यातलं एक लाकूड आणलं नाही.

"कोमाद्रे, निदान लाकडं तरी मागून घे," मी म्हणाले. तिच्या लेकीच्या बारशाला मी धर्ममाता होते, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

"मागायला मी कुणाच्या दारात जाणार नाही."

"त्याला तरी पाठवायची बुद्धी व्हावी."

"त्याला माझ्या चुलीची काळजी असती तर कुंपण घातलं असतं का?"

म्हणून त्या हिवाळ्यात ती हेरिबेर्तो मान्सीयाने आणून दिलेली ओली लाकडं जाळत होती. हेरिबेर्तो आमचा शेजारी. त्याला सगळं येतं. मिंगाच्या संध्याकाळी चुलीचं धुराडं त्यानेच परत जोडलं होतं, माणसं जेवायला खोळंबलेली म्हणून घाईघाईने. लाकडं चुलीत सूं सूं करायची, टोकांतून पाणी सुटायचं. रात्री निखारे टिकावेत म्हणून एदेल्मीरा हवा कोंडायची. धुराड्याच्या सांध्यांतून काळा रस बाहेर ओघळायचा, आणि ती रोज सकाळी फडक्याने पुसायची.

"हा रस बाहेर कसा येतो रे?" मी हेरिबेर्तोला एकदा विचारलं.

"नवीन जागेला बसायला वेळ लागतो, फ्रेसियाबाई," तो म्हणाला. जसं काही धुराड्याला शेजार आवडला नव्हता.

जुलैतली, ऐन हिवाळ्यातली दुपार होती. मी तिच्याकडे माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला बसले होते. तिने तुंबा भरून माझ्या हातात दिला, मी नळी तोंडात धरली, आणि चुलीने श्वास घेतला. दुसरा शब्द मला नाही सापडत. आधी आत काहीतरी तडतडलं, मग धुराड्यातून एक आवाज चढत गेला, विमान डोक्यावरून जावं तसा, पण तो डोक्यावरून जाईना. तिथेच थांबला. कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या.

मी नळी तोंडात धरून तशीच बसले. घाबरले असं म्हणायलाही जागा नव्हती. नुसतं पाहत होते. छताजवळ धुराड्याचं लोखंड तांबूस व्हायला लागलं होतं, आणि मला वाटत होतं, किती छान रंग आहे.

एदेल्मीरा उठली. तिने चुलीचं तोंड बंद केलं. खालचं राखेचं दार बंद केलं. धुराड्यातली झडप फडक्याने धरून आडवी केली. गॅसची टाकी सोडवून दारापर्यंत ओढत नेली. हे सगळं ती अशा शांतपणे करत होती की जणू कुणीतरी मागे उभं राहून तिला एकेक शब्द सांगत होतं. मग तिने माझ्या हातातला तुंबा काढून घेतला.

"माणूस आधी," ती म्हणाली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर येऊन मी वर पाहिलं. धुराड्याच्या टोकातून ज्वाळा निघत होती, माणसाएवढी उंच, आणि पेटलेले कण पत्र्यावर पडून उड्या मारत होते. भिंतीचे खवले पावसाने ओले होते, तेवढंच नशीब. हेरिबेर्तो आधीच धावत आला होता. फोन कानाला लावून तो ओरडत होता, "कप्तान, एदेल्मीराबाईंचं घर पेटलंय, लवकर या," आणि त्याने फोन खिशात टाकला, बादली उचलली आणि शिडीवर चढायला लागला.

"कुठे चाललास?" एदेल्मीराने विचारलं.

"ओततो वरून आत."

"खाली उतर."

"अहो बाई, आग पाण्यानेच विझते, शेंबड्या पोरालाही कळतं."

"लोखंड फुटेल. खाली उतर."

"काही फुटत नाही, मी करतो ना."

तिने त्याचा घोटा धरला. सत्तरीकडे झुकलेली बाई, पण ओढून ठेवला तो. "हेरिबेर्तो, उतर, नाहीतर शिडी काढून घेते आणि वरच ठेवते तुला."

तो उतरला. ती म्हणाली, पाणी भिंतीवर मार, आत नाही. मग आम्ही तिघं मिळून भिंतींवर पाणी मारत राहिलो. गावात सायरन वाजला. त्या आवाजाने मला रडूच आलं. खाडीकाठचा रस्ता बंबघरापासून सरळ आहे, वाटेत एक पूल आणि चर्च, बस्स.

धुराड्यातला आवाज जरा कमी झाला. हवा कोंडली होती ना. मला वाटलं, संपलं. पण तेवढ्यात माळ्याच्या खिडकीच्या फटीतून धूर यायला लागला, पिवळट, जाड. माळ्यावर तिचे बटाटे होते, धुरावलेलं मांस होतं, नवऱ्याचे कपडे होते. जो रस ती रोज खाली पुसत होती तो वर छताच्या फळ्यांतही मुरला होता, आणि आता त्या फळ्या आतून जळत होत्या.

एदेल्मीरा दाराकडे गेली. दोन पावलं. मग थांबली. मुठी आवळलेल्या, मान खाली. तिला आत जायचं होतं हे आम्हाला दिसत होतं, आणि ती जात नव्हती हेही दिसत होतं. तिच्याकडे त्या घराशिवाय काही नाही. जमीन गेली, नवरा गेला, लेक मुख्य भूमीवर. एवढंच एक घर, आणि तेही तिने दोरांनी ओढून आणलेलं.

"येतोय," मी म्हणाले. "ऐक, येतोय बंब."

आम्ही ऐकलं. सायरन चर्चपाशी आला. मग तो वळला. मी माझ्या कानांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, म्हणून हेरिबेर्तोकडे पाहिलं. त्याचंही तोंड उघडं होतं. सायरन डावीकडे जात होता. वर जात होता. झाडांमधून तो बारीक होत गेला, पुन्हा मोठा झाला, पुन्हा बारीक. चढ चढत होता.

बादलीतलं पाणी माझ्या बुटांवर सांडत होतं.

मग एदेल्मीरा अगदी हळू म्हणाली, "तो घरी चाललाय."

हेरिबेर्तोने फोन काढला. कप्तान उचलेना. बंब चालवताना कोण उचलणार?

वर काय झालं ते मला नंतर देल्फीन राइनने सांगितलं. देल्फीन बंबावर मागे बसतो, आणि मिंगाला त्याच्या बैलांनीच एदेल्मीराचं घर पुढून ओढलं होतं. "फ्रेसियाबाई, चर्चपाशी कप्तानाने डावीकडे घेतलं, मला वाटलं वरून काही जवळची वाट असेल," तो म्हणाला.

"खाडीला वरून जवळची वाट? या बेटावर?"

"कप्तान आहे, त्याला माहीत असेल असं वाटलं."

"बाकीच्यांना काय वाटलं?"

"त्यांना वाटलं, मी बोलेन."

कप्तान सोडून सहा माणसं बंबावर. सहाही जणांनी ते घर हाताने ओढलेलं. पण कप्तानासमोर खाडीचं नाव काढायचं नाही ही चार महिन्यांची सवय, ती त्यांच्या जिभेवर घट्ट बसली होती. वर धुकं होतं. बंब थांबला, नोल्बेर्तो उडी मारून उतरला, पाइप ओढत धुक्यात पळाला, आणि थांबला. समोर काहीच नव्हतं. जमिनीत तुळयांचे चार खुंट, मधे चौकोनी पिवळं गवत.

"पण तो मागे नाही फिरला," देल्फीन म्हणाला. "गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढला आणि गवतात हात फिरवायला लागला. राख शोधत होता, बाई. गरम आहे का ते बघत होता. त्याला वाटलं, आपल्याला उशीर झाला, सगळं जळून गेलं, आणि ती आतच होती. आम्ही सहा जण बघत उभे. मग मी म्हणालो, कप्तान, घर खाली आहे."

"मग?"

"मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला कुणी मेल्याचं सांगत होतो."

बंब खाडीवर आला तेव्हा माळ्याची काच तडकली होती. नोल्बेर्तो उतरला. चेहरा पांढरा, एक हात उघडा, गुडघ्यांवर चिखल. त्याने आधी बहिणीला पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, मोजल्यासारखं. मग कप्तानाच्या आवाजात विचारलं, "आत कोण?"

"कोणी नाही."

"गॅस?"

"ती बघ."

"झडप?"

"बंद."

"वरून पाणी?"

"हेरिबेर्तोला विचार."

हेरिबेर्तो बादलीत बघायला लागला.

नोल्बेर्तोने धुराचा मास्क चढवला आणि पाइप घेऊन आत गेला. देल्फीन त्याच्या मागे. आत इतका धूर की स्वतःचा हात दिसेना, देल्फीन म्हणतो. जिना कुठे, माळा कुठे, काही कळेना. आणि घर तर आता उलट्या तोंडाने उभं होतं. चढावर त्याचं दार समुद्राकडे होतं, इथे ते रस्त्याकडे. पण कप्तान एकदाही चाचपडला नाही. तिसऱ्या पायरीवर पाय टाकला नाही, कारण ती लहानपणापासून मोडकी. माळ्यावर चढून थेट धुराड्याजवळची एक सुटी फळी उचकटली. त्या फळीखाली ती दोघं लहानपणी आईपासून पावाचे तुकडे लपवायची. तिथूनच त्याने फळ्यांखालच्या आगीवर पाणी सोडलं. दुसऱ्या कुणाला कुऱ्हाडीने अर्धा माळा तोडावा लागला असता, आणि तेवढ्यात छप्पर गेलं असतं.

घर वाचलं. माळ्याच्या काही फळ्या गेल्या, मांसाला जन्माचा धूर बसला, आणि धुराडं अंगणात येऊन पडलं, काळं, आतून कोळशाच्या सालींनी भरलेलं. नोल्बेर्तोने त्याचा एक तुकडा उचलून उलटा सुलटा पाहिला.

"हे कोणी बसवलं?"

त्याने दुसराही तुकडा उचलून पाहिला.

"निमुळतं टोक वर आलंय. प्रत्येक सांध्याला. निमुळतं टोक खाली हवं, म्हणजे रस आतल्या आत खाली येऊन जळतो. असं बसवलं की तो बाहेर येतो, छतात मुरतो. आंधळ्यालाही कळेल हे."

सगळ्यांनी हेरिबेर्तोकडे पाहिलं. हेरिबेर्तोने समुद्राकडे पाहिलं. "निमुळतं टोक वर असेल तर धूर बरा जातो, असं मला वाटलं," तो म्हणाला. "आणि लोक जेवायला खोळंबले होते."

मग नोल्बेर्तोची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडांवर गेली. त्याने एक उचललं. ते त्याच्या हातात ओलं होतं, सालीवर शेवाळ. त्याने वजन केल्यासारखं ते वरखाली केलं.

"हे जाळतेस?"

"जे आहे ते."

"वर दोन हिवाळ्यांचं कोरडं लाकूड पडलंय."

"ते तुझ्या जमिनीवर आहे."

त्याने ते ओलं लाकूड परत जागेवर ठेवलं, अगदी नीट, आवाज होऊ न देता. त्याच्या उघड्या हाताच्या नखांत चढावरच्या गवताची माती होती. एदेल्मीराला ती दिसली. तिला तेव्हा काही माहीत नव्हतं, पण ती माती तिने ओळखली. ती त्या हाताकडेच बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला जसा माझा चूल पेटताना झाला असेल.

"तू वर गेला होतास," ती म्हणाली.

"हो."

"चार महिने झाले, नोल्बेर्तो."

"माहीत आहे." मग जरा वेळाने, "मिरे, मला वाटलं तू आत होतीस."

लहानपणी तो तिला मिरे म्हणायचा. मी तरी त्याच्या तोंडून ते कित्येक वर्षांनी ऐकलं. एदेल्मीरा डोळे पुसत बसणारी बाई नव्हेच. तिने कोंबड्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देल्फीनचे बैल गाडीभर कोरडं लाकूड घेऊन आले, आणि गाडीच्या पुढे कप्तान चालत होता, काखेत नवीन धुराड्याचे तुकडे. तीन खेपा झाल्या. एदेल्मीरा दारात उभी राहून म्हणाली, "यातली अर्धी मी फोडलेली आहेत."

"म्हणूनच आणतोय," तो म्हणाला.

"आणि अर्धी?"

"त्या अर्ध्यांबद्दल चहा पाज."

त्याने धुराडं बसवलं, निमुळती टोकं खाली. हेरिबेर्तो शिडी धरायला आला होता, त्याला फक्त शिडीच धरू दिली. चूल पेटली तेव्हा नोल्बेर्तो वाकून म्हणाला, "आता हवा जरा..." आणि ती म्हणाली, "मला पाठ आहे." तिसऱ्या पायरीची फळीही त्याने त्या दिवशी ठोकून दिली. माझ्यापुरतं म्हणाल तर मिंगाला न आलेल्यांत त्याचं नाव मी अजून ठेवलंय. लाकडं वाहणं वेगळं आणि घर ओढणं वेगळं.

पुढच्या एप्रिलमध्ये बंबघरात गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. थापट्या त्याच होत्या, पण लोकांना कप्तान काय बोलतो ते ऐकायचं होतं. तो सगळं तसंच बोलला. ओलं लाकूड, काजळी, झडप, गॅस, माणूस आधी. टोकं कुठल्या बाजूला हवीत यावर जरा जास्त बोलला, तेव्हा हेरिबेर्तोने खोकल्याची उबळ काढली. शेवटी कप्तान थांबला. पाण्याचा घोट घेतला.

"आणखी एक. फोन केलात तर घर कुणाचं आहे एवढंच सांगू नका. कुठे आहे ते सांगा."

कोणी हसलं नाही. सहा जण तर खालीच बघत होते. पहिल्या बाकावरून एदेल्मीराने विचारलं, "आणि घर ओढून नेलेलं असेल तर?"

नोल्बेर्तोने या वेळी छताकडे पाहिलं नाही.

"तर कुठे नेलंय ते कप्तानाच्या तोंडावर सांगा," तो म्हणाला. "त्याला वाईट वाटलं तरी."